ड्युअल बूट संगणकावर खरं बूट पार्टिशन कुठलं, ते खात्रीने कसं शोधायचं

लक्षणं बहुतेक ठरलेली असतात. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेला, काल नीट चालणारा संगणक आज ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या बूटलोडरचा, मेन्यू न दाखवता सरळ विंडोजमध्ये शिरतो. किंवा काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच उमटतं आणि पुढे काही हलत नाही. किंवा सगळं चालतं, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट केला तरी यंत्र जुनाच कर्नल घेऊन उठतं. उपाय शोधायला गेलं की पहिल्याच पायरीला लिहिलेलं असतं, ‘तुमचं बूट पार्टिशन माउंट करा’, म्हणजे एखाद्या फोल्डरच्या जागी जोडा. गाडं तिथेच अडतं. डिस्कवर सहा-सात पार्टिशनं असतात, त्यातली दोन-तीन लहान असतात आणि त्यातलं प्रत्येक बूट पार्टिशन असू शकेल असं दिसतं.

इथे अंदाज बांधू नका. आकार फसवतो, क्रमांक फसवतो, लेबलही फसवतं. एखादं पार्टिशन १०० एमबीचं आहे म्हणून ते बूटचं, हा तर्क पन्नास ठिकाणी बरोबर येईल आणि एक्कावन्नाव्या ठिकाणी तुम्ही विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट करून बसाल. त्यापेक्षा संगणकालाच विचारावं. फर्मवेअरने, म्हणजे संगणक चालू होताच मदरबोर्डवरून चालणाऱ्या प्रोग्रॅमने, कुठल्या पार्टिशनवरची कुठली फाइल उचलली? त्या फाइलने पुढे कुठे पाहिलं? लिनक्स सुरू झाल्यावर त्याने ‘/बूट’च्या जागी काय जोडलं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यंत्रात नोंदलेली असतात. फक्त ती याच क्रमाने घ्यायची.

खालच्या कमांड आणि मार्ग देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत टाकायचे. ‘एलएसबीएलके’ म्हणजे एल, एस, बी, एल, के ही पाच लहान अक्षरं सलग. एकच अक्षर सांगितलेला पर्यायही लहान अक्षरातच घ्या. कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

नाव एक, वस्तू तीन

लोक ‘बूट पार्टिशन’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तीनपैकी कुठलीही गोष्ट असू शकते.

पहिली, ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे ईएसपी. हे फॅट-३२ असतं आणि फर्मवेअरला वाचता यावं यासाठीच असतं. यात विंडोजचा बूट मॅनेजर असतो आणि ग्रबची सुरुवातीची फाइलही असते. विंडोजने स्वतः केलेलं ईएसपी बहुधा १०० एमबीचं असतं. तयार मिळणाऱ्या लॅपटॉपवर २६० एमबीचंही भरपूर दिसतं. लिनक्समध्ये हे सहसा ‘/बूट/ईएफआय’ इथे जोडलेलं असतं, पण आर्च लिनक्ससारख्या ठिकाणी अनेकजण ते थेट ‘/बूट’वरच जोडतात.

दुसरी, लिनक्सचा ‘/बूट’. यात कर्नल, इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) आणि ग्रबची खरी मांडणी असते. हे वेगळं पार्टिशन असेलच असं नाही. उबुंटूची साधी स्थापना केली तर ‘/बूट’ हा रूट पार्टिशनमधला, म्हणजे लिनक्स जिथे बसलं आहे त्या मुख्य पार्टिशनमधला, एक फोल्डर असतो, बस्स. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर मात्र तो वेगळा काढला जातो. फेडोरा नेहमीच्या मांडणीत तो ईएक्सटी-४ चं वेगळं पार्टिशन म्हणूनच करतं. म्हणजे ‘माझ्याकडे बूट पार्टिशन सापडतच नाही’ ही तक्रार कित्येकदा तक्रार नसतेच. ते पार्टिशन अस्तित्वातच नसतं आणि त्यात काही बिघडलेलंही नसतं.

तिसरी, जुन्या बायोस मोडमध्ये जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेल्या) डिस्कवर लागणारं १ एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन. यात फाइल सिस्टिमच नसते, ग्रबचा गाभा कच्च्या रूपात तिथे लिहिलेला असतो. हे माउंट होत नाही आणि व्हायलाही नको. पार्टिशन टूल त्याला ‘अननोन’ म्हणतं, आणि एवढ्यावरून ‘रिकामं दिसतंय’ म्हणून ते उडवणारे लोक आहेत. गंमत म्हणजे या प्रकाराचा जीयूआयडी (ओळखक्रमांक) डिस्कवर ज्या बाइट्सच्या रूपात पडतो ते अक्षरांत वाचलं तर ‘हा! आय डोन्ट नीड ईएफआय’ असं निघतं. कुणीतरी मुद्दाम केलेला विनोद आहे, पण ओळखायला उपयोगी.

यात विंडोज आणखी भर घालतं. तिथलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर ‘बूट’ हा शब्द सी ड्राइव्हच्या खाली दिसतो, कारण त्यांच्या परिभाषेत ज्यात विंडोजचा फोल्डर आहे ते बूट आणि ज्यावरून यंत्र सुरू होतं ते सिस्टिम. तेव्हा विंडोजमध्ये पाहून आलेलं उत्तर लिनक्सच्या सूचनांमध्ये तसंच वापरू नका.

आधी मोड तपासा

लिनक्स सुरू होत असेल तर त्यातच, नाहीतर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स), ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हा फोल्डर आहे का ते पाहा. असेल तर आत्ताचं सत्र यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मोडमध्ये आहे, नसेल तर जुन्या बायोस मोडमध्ये. विंडोजमध्ये हेच ‘एमएसइन्फो३२’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीत दिसतं.

हे अर्ध्या मिनिटाचं काम टाळल्यामुळे तासन्‌तास गेलेले पाहिले आहेत. विंडोज यूईएफआय मोडमध्ये आणि लिनक्स मात्र चुकून बायोस मोडमध्ये बसवलेलं, अशी जोडी असली की एकाच्या मेन्यूतून दुसरं सुरू होत नाही. मग पार्टिशन कितीही बरोबर शोधलं तरी उपयोग नाही. लिनक्सचा बूटलोडर यूईएफआय मोडमध्ये नव्याने बसवावा लागतो. लाइव्ह यूएसबीचंही तसंच. बूट निवडीच्या मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ शब्दासह. दुसरा निवडा. बायोस मोडमध्ये चढलेल्या लाइव्ह सत्रातून फर्मवेअरच्या नोंदी दिसतही नाहीत आणि बदलताही येत नाहीत.

पुढचा बराचसा मजकूर यूईएफआयसाठी आहे. बायोसवाल्यांसाठी पुढे जीपार्टेडच्या भागात थोडं लिहिलं आहे.

फर्मवेअर काय सांगतं

‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ चालवा. एरवी लोक याचं उत्तर पाहून घाबरतात, पण त्यातल्या तीनच गोष्टी कामाच्या आहेत.

वरच्या भागात ‘बूटकरंट’ आणि त्यापुढे चार अंकी क्रमांक असतो, समजा ०००३. आत्ताचं सत्र याच नोंदीवरून सुरू झालं आहे. त्याच्या आसपास ‘बूटऑर्डर’ची ओळ असते, तिथे नोंदी कुठल्या क्रमाने पाहिल्या जातात ते कळतं. मग खाली प्रत्येक नोंदीची एकेक ओळ. त्यातली ०००३ ची ओळ वाचा. नावापुढे ‘एचडी’ आणि कंसात स्वल्पविरामाने तोडलेले पाच तुकडे दिसतील: पार्टिशनचा क्रमांक, जीपीटी हा शब्द, एक लांबलचक ओळखक्रमांक, सुरुवातीचा सेक्टर आणि लांबी. शेवटचे दोन हेक्स आकड्यांत असतात. सुरुवात ८०० असेल तर ते २०४८ सेक्टर, म्हणजे डिस्कच्या अगदी पहिल्या एमबीनंतर. लांबी ३२००० असेल तर २,०४,८०० सेक्टर, म्हणजे बरोबर १०० एमबी. त्यानंतर फाइलचा मार्ग असतो: उबुंटूसाठी ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘उबुंटू’ फोल्डरातली ‘शिमएक्स६४.ईएफआय’, विंडोजसाठी ‘मायक्रोसॉफ्ट’ मधल्या ‘बूट’ मधली ‘बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय’.

हा लांबलचक ओळखक्रमांकच सगळ्यात महत्त्वाचा. तो त्या पार्टिशनचा पार्टयूयूआयडी आहे. आता ‘एलएसबीएलके’ला ‘-ओ’ पर्याय देऊन हे रकाने मागा: नेम, साइझ, एफएसटाइप, पार्टटाइपनेम, पार्टयूयूआयडी, माउंटपॉइंट. रकान्यांमध्ये फक्त स्वल्पविराम, मोकळी जागा नाही. जी ओळ फर्मवेअरच्या ओळखक्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर जुळते तेच तुमचं ईएसपी. ‘पार्टटाइपनेम’खाली तिथे ‘ईएफआय सिस्टिम’ लिहिलेलं असेलच, पण तेवढ्यावर विसंबू नका. दोन डिस्क असलेल्या संगणकावर असे दोन ‘ईएफआय सिस्टिम’ सहज सापडतात, आणि खरी गोची तिथेच होते.

‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर तर अजिबात जाऊ नका. ती नावं कर्नलला ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्यावर ठरतात. दोन एनव्हीएमई डिस्क असतील तर आज शून्य क्रमांकाची असलेली उद्या एक क्रमांकाची होऊ शकते. कागदावर लिहून ठेवायचं तर पार्टयूयूआयडीचे पहिले आठ अंक लिहा.

लाइव्ह यूएसबीवरून पाहत असाल तर ‘बूटकरंट’ त्या यूएसबीकडेच बोट दाखवेल. अशा वेळी त्याला सोडून द्या आणि ज्या नोंदीचं नाव तुमच्या लिनक्स वितरणाचं (उबुंटू, फेडोरा वगैरे) आहे ती ओळ वाचा. एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर दोन्हींचे ओळखक्रमांक जुळवून पाहा. एखादा कुठल्याच पार्टिशनशी जुळत नसेल तर ती नोंद अनाथ आहे: कधीकाळी असलेल्या डिस्कची, किंवा पुसून पुन्हा केलेल्या पार्टिशनची.

ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा बूटलोडर वापरणाऱ्यांना सोपं आहे. ‘बूटसीटीएल -पी’ ईएसपी कुठे जोडलंय ते एका ओळीत सांगतं, आणि ‘बूटसीटीएल स्टेटस’ फर्मवेअरच्या नोंदी पार्टिशनसकट वाचून दाखवतं. याचा एक स्वभाव लक्षात असू द्या: तो ज्या ईएसपीवरून सुरू झाला त्याच ईएसपीवर विंडोज शोधतो. विंडोजचं ईएसपी दुसऱ्या डिस्कवर असेल तर ते त्याच्या मेन्यूत येत नाही. तो बिघाड नाही.

ईएसपीतली चिठ्ठी

ईएसपी सापडलं. पण कर्नल आणि ग्रबचा मेन्यू तिथे नसतो, निदान उबुंटू, डेबियन, मिंट आणि अलीकडच्या फेडोरावर नसतो. तिथे असते ती अगदी छोटी ‘ग्रब.सीएफजी’. कचेरीच्या दारावर ‘साहेब पलीकडच्या खोलीत बसतात’ अशी चिठ्ठी लावलेली असावी, तसलं तिचं काम. आत जेमतेम तीन ओळी असतात. पहिलीत ‘सर्च.एफएस_यूयूआयडी’ आणि त्यापुढे एक यूयूआयडी; पुढच्या ओळीत ‘प्रिफिक्स’, म्हणजे त्या पार्टिशनवर ग्रबचा फोल्डर कुठे आहे तो मार्ग; आणि शेवटी तिथली खरी मांडणी वाचायची सूचना.

वाचायला ‘सुडो कॅट’ वापरा. ईएसपी बहुतेक वेळा फक्त रूट या प्रशासक खात्यालाच उघडतं, त्यामुळे सुडोशिवाय तो फोल्डर रिकामा किंवा बंद वाटतो आणि लोक ‘ईएसपीत काहीच नाही’ असा निष्कर्ष काढतात.

इथला यूयूआयडी आणि मघाचा पार्टयूयूआयडी यांत गल्लत करू नका. पार्टयूयूआयडी पार्टिशन टेबलमध्ये राहतो. पार्टिशन फॉरमॅट केलं तरी तो बदलत नाही, पुसून नव्याने केलं तर बदलतो. यूयूआयडी फाइल सिस्टिमचा असतो आणि प्रत्येक फॉरमॅटबरोबर नवा होतो. फॅटचा यूयूआयडी आखूड असतो, चार आणि चार अक्षरं, मध्ये रेघ. ईएक्सटी-४ चा लांब असतो. म्हणूनच ईएसपी फॉरमॅट केल्यावर असा विचित्र प्रकार होतो: फर्मवेअरची नोंद जुळते, पण लिनक्स चढताना दीड मिनिट ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत ताटकळतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये पडतं. कारण ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये, म्हणजे काय कुठे जोडायचं त्या यादीत, जुना आखूड यूयूआयडी तसाच राहिलेला असतो. तो बदलला की काम झालं.

चिठ्ठीतला यूयूआयडी ‘एलएसबीएलके -एफ’च्या यादीत शोधा. जे पार्टिशन जुळेल त्यावर ग्रबचा खरा मेन्यू आहे. ‘प्रिफिक्स’चा मार्ग ‘/बूट/ग्रब’ असेल तर ते रूट पार्टिशन आहे आणि वेगळं बूट पार्टिशन नाही. मार्ग नुसता ‘/ग्रब’ किंवा ‘/ग्रब२’ असेल तर बूटचं वेगळं पार्टिशन हेच. सुरुवातीला ‘@’ चिन्ह असेल तर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम आणि तिचा सबव्हॉल्यूम (आतला वेगळा विभाग). एका ओळीत इतकं कळतं, आणि तरीही ही फाइल फारसं कुणी उघडत नाही याचं मला कायम नवल वाटतं.

जुळणारं पार्टिशन सापडलंच नाही तर ‘ग्रब रेस्क्यू’चं कारणही तुमच्या हाती लागलं. चिठ्ठी अस्तित्वातच नसलेल्या खोलीकडे पाठवते आहे: लिनक्सचं पार्टिशन पुसलं, पुन्हा फॉरमॅट केलं, किंवा दुसरी डिस्क काढली.

उबुंटू आणि मिंट एकाच संगणकावर असतील तर आणखी एक गुंता. मिंटसुद्धा ईएसपीवर ‘उबुंटू’ याच नावाचा फोल्डर वापरतं. दोघांची चिठ्ठी एकच. ज्याचं ग्रब पॅकेज शेवटचं अपडेट झालं त्याची चिठ्ठी टिकते, दुसऱ्याची पुसली जाते. दर काही आठवड्यांनी मेन्यूचं रूप आपोआप बदलतं, एका लिनक्समध्ये केलेली ग्रबची सेटिंग दिसतच नाहीत, असं होत असेल तर हेच शोधा. त्यावर सोपा मार्ग असा की कुठलं लिनक्स मुख्य ते ठरवावं, त्यातून पुन्हा एकदा ‘ग्रब-इन्स्टॉल’ करावं आणि दुसऱ्यात वेगळं बूटलोडर-आयडी (ईएसपीवरच्या फोल्डरचं नाव) द्यावं.

लिनक्स चालू असताना

लिनक्स चढत असेल तर ‘फाइंडएमएनटी -टी /बूट’ टाका. इथला टी कॅपिटल. ‘/बूट’ ज्या फाइल सिस्टिमवर आहे तिचं नाव मिळतं. ‘टार्गेट’खाली नुसती तिरकी रेघ आली तर तो साधा फोल्डर, ‘/बूट’ आलं तर वेगळं पार्टिशन. तसंच ‘/बूट/ईएफआय’साठी करा आणि जे येईल ते फर्मवेअरच्या उत्तराशी ताडून पाहा.

हे ताडणं महत्त्वाचं. दोन्ही उत्तरं वेगळी निघाली तर बहुतेक जुनाट दुखणी एका फटक्यात समजतात. लिनक्स एका ईएसपीला ‘/बूट/ईएफआय’ म्हणून जोडतंय आणि फर्मवेअर दुसऱ्याच ईएसपीवरून सुरू होतंय, तर तुमचं प्रत्येक अपडेट चुकीच्या जागी लिहिलं जातंय. दोन डिस्कच्या संगणकावर हे नेहमी होतं, कारण काही इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएसपीवर टाकतात. पुढे कधीतरी विंडोजची डिस्क काढली की लिनक्स उठत नाही, आणि माणूस लिनक्सच्या डिस्कमध्ये दोष शोधत बसतो.

जीपार्टेडच्या ‘बूट’ फ्लॅगला हात लावू नका

कुठलं पार्टिशन ते कळत नाही म्हणून काहीजण जीपार्टेड हे पार्टिशन टूल उघडतात आणि लिनक्सच्या पार्टिशनवर ‘बूट’ हा फ्लॅग (खूण) लावतात, म्हणजे यंत्राला तरी कळेल. जीपीटी डिस्कवर या फ्लॅगचा अर्थ वेगळा आहे. तिथे तो लावणं म्हणजे त्या पार्टिशनचा प्रकार ‘ईएफआय सिस्टिम’ करणं. आतली ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम तशीच राहते, डेटा जात नाही, पण आता यादीत फॅट नसलेलं एक खोटं ईएसपी उभं राहतं आणि पुढचा प्रत्येक इन्स्टॉलर त्याला खरं समजू शकतो. तुमच्या यादीत ‘ईएफआय सिस्टिम’ प्रकाराचं पण ईएक्सटी-४ असलेलं पार्टिशन दिसलं तर हेच झालंय. फ्लॅग काढा आणि ‘सुडो एफडिस्क -एल’ने प्रकार परत ‘लिनक्स फाइलसिस्टिम’ झाल्याची खात्री करा.

जुन्या एमबीआर (जीपीटीच्या आधीच्या पद्धतीचं पार्टिशन टेबल असलेल्या) डिस्कवर ‘एफडिस्क’च्या यादीत एका पार्टिशनपुढे तारा दिसतो. तो विंडोजच्या पद्धतीचा ‘अॅक्टिव्ह’ फ्लॅग. ग्रब त्याच्याकडे पाहतही नाही. विंडोज ७ च्या काळातलं १०० एमबीचं ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ पार्टिशन तारा लावून बसलेलं असतं, ते एनटीएफएस असतं आणि लिनक्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. बायोस मोडमध्ये ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये असतो. त्यातले ४४६ कोडसाठी, उरलेल्यात पार्टिशन टेबल. त्यामुळे तिथे खरा प्रश्न ‘कुठलं पार्टिशन’ हा नसून ‘कुठली डिस्क’ हा असतो. ‘सुडो हेड -सी ५१२’ला एकेका डिस्कचं नाव देऊन उत्तर ‘स्ट्रिंग्ज’कडे पाठवा, जिथे ‘ग्रब’ हा शब्द निघेल त्या डिस्कवर ते बसलेलं आहे. यासाठी लोक ‘डीडी’ सुचवतात. ‘डीडी’ने काम होतं, पण त्यात ‘आयएफ’ऐवजी (कुठून वाचायचं) ‘ओएफ’ (कुठे लिहायचं) लिहिलं गेलं तर पार्टिशन टेबलच जातं. वाचायचंच आहे तर फक्त वाचणारी कमांड घ्यावी.

सापडल्यावर काय करायचं

नुसता मेन्यू गायब होऊन विंडोज सुरू होत असेल तर बहुधा पार्टिशनला काही झालेलं नसतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा फर्मवेअर अपडेटनंतर ‘बूटऑर्डर’मध्ये विंडोजची नोंद पुढे आलेली असते. ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ’ आणि त्यापुढे क्रमांक, लिनक्सचा आधी, विंडोजचा नंतर, स्वल्पविरामाने जोडून. एवढंच. पुन्हा इन्स्टॉल वगैरे करायची गरज नाही.

उलट तक्रार, म्हणजे ग्रब येतो पण त्यात विंडोज नाही, ही वेगळी आहे. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ला ‘फॉल्स’ करून मेन्यू पुन्हा तयार करा. ती ओळ पूर्ण कॅपिटल अक्षरांत असते, ‘फॉल्स’ मात्र लहान.

लिनक्स अजिबात चढत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून ‘सीएचरूट’, म्हणजे लाइव्ह सत्रातून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरणं. क्रम महत्त्वाचा: आधी रूट पार्टिशन ‘/एमएनटी’वर, मग बूट वेगळं असेल तर ते ‘/एमएनटी/बूट’वर, मग ईएसपी ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. क्रम उलटा झाला तर वरचं माउंट खालच्याला झाकतं आणि ग्रब भलतीकडेच लिहिला जातो. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर बाइंड करून (‘/एमएनटी’खालीही जोडून) आत शिरलात की पहिलं काम ‘माउंट -ए’. ते एफएसटॅब वाचतं. त्यातला एखादा यूयूआयडी चुकीचा असेल तर इथेच ओरडतं. ते शांतपणे पार पडलं तरच डेबियन कुळात ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ करा. फेडोरावर यूईएफआय असेल तर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवू नका. तिथे शिम आणि ग्रबची ईएफआय पॅकेजं ‘डीएनएफ’ने रीइन्स्टॉल करायची असतात, नाहीतर सिक्युअर बूटची (सही तपासूनच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) सही असलेली फाइल जाऊन बिनसहीची येते.

कर्नल जुनाच राहतो तेव्हा

हे दुखणं मला सगळ्यात चिवट वाटतं, कारण चूक कुठे आहे ते दिसतच नाही. अपडेट बिनबोभाट होतं. रीस्टार्ट करता, आणि ‘यूनेम -आर’ जुना आकडा दाखवतं. वर वायफाय बंद, आणि काहीही माउंट करायला गेलं की ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट’.

झालेलं असं असतं: अपडेटच्या वेळी बूट पार्टिशन जोडलेलंच नव्हतं. एफएसटॅबमध्ये ती ओळ नाही, किंवा ‘नोफेल’ लावल्यामुळे माउंट न होताही यंत्र मुकाट्याने पुढे गेलं. नवा कर्नल रूट पार्टिशनमधल्या रिकाम्या ‘/बूट’ फोल्डरात जाऊन पडला. बूटलोडर मात्र खऱ्या बूट पार्टिशनवरचा जुना कर्नल उचलतो आहे, आणि त्या जुन्या कर्नलची मॉड्यूल्स (ड्रायव्हर वगैरे) पॅकेज मॅनेजरने ‘/लिब/मॉड्यूल्स’मधून काढून टाकली आहेत. व्हीफॅटचं, म्हणजे फॅट वाचण्याचं, मॉड्यूलही त्यातच गेलं, म्हणून आता बूट पार्टिशन जोडताही येत नाही. असा हा स्वतःभोवती बसलेला फास आहे.

तपासायला ‘माउंटपॉइंट /बूट’ पुरतं. वेगळं बूट पार्टिशन असल्याचं चिठ्ठीवरून कळलं आहे आणि ही कमांड मात्र ‘माउंटपॉइंट नाही’ म्हणते आहे, तर निदान झालं. सोडवायचं लाइव्ह यूएसबीवरून: वरच्याच क्रमाने सगळं जोडा, सीएचरूट करा, कर्नलचं पॅकेज रीइन्स्टॉल करा, मेन्यू पुन्हा तयार करा आणि एफएसटॅबमध्ये बूटची ओळ घाला. ‘नोफेल’ तिथून काढलेला बरा. बूट पार्टिशन जोडलं गेलं नाही तर यंत्राने अडून बसावं हेच योग्य.

चुकीच्या जागी पडलेल्या फाइली खऱ्या माउंटच्या खाली झाकून जातात आणि रूटवरची जागा अडवून बसतात. त्या पाहायला ‘सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी’ करा आणि ‘/एमएनटी/बूट’ उघडा. साधा बाइंड आतली इतर माउंट सोबत आणत नाही, त्यामुळे तळातलं सगळं दिसतं. इथे जे कर्नल सापडतील ते हटवता येतात, पण ‘/एमएनटी/बूट’मधूनच, ‘/बूट’मधून नव्हे. काम झालं की ‘यूमाउंट /एमएनटी’.

दोन ईएसपींपैकी एक फालतू आहे असं या सगळ्यातून सिद्ध झालं तरी ते लगेच पुसू नका. आधी त्याच्याकडे बोट दाखवणारी नोंद ‘ईएफआयबूटएमजीआर -बी’, तिचा क्रमांक आणि कॅपिटल ‘-ए’ देऊन निष्क्रिय करा. लहान ‘-ए’ने ती परत सक्रिय होते. मग संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असं चढवून पाहा, दोन्हीकडे एकेक अपडेट होऊ द्या. त्यानंतरही दोन्ही चढत असतील तर त्या ईएसपीवरच्या फाइली दुसरीकडे कॉपी करून ठेवा, नोंद काढायला कॅपिटल ‘-ए’च्या जागी कॅपिटल ‘-बी’ वापरा, आणि मग पार्टिशनला हात घाला.